चालू वहीची नक्कल

लग्नसराई जवळ आली की धर्मग्रामाच्या कार्यालयात एक वाद हमखास होतो. लग्न ठरलेला तरुण प्लॅस्टिकच्या आवरणात जिवापाड जपलेला आपला स्नानसंस्काराचा दाखला टेबलावर ठेवतो. आम्ही तो पाहतो आणि त्याला नवा दाखला काढायला सांगतो. "फादर, हा काय खोटा आहे?" खोटा मुळीच नसतो, फक्त जुना असतो. लग्नासाठी सहा महिन्यांच्या आतला दाखला मागण्याची आपल्याकडे रीत आहे. एकाने तर आम्हांला ऐकवलेही होते, "माझा बाप्तिस्मा काय दर सहा महिन्यांनी बदलतो, फादर?"

प्रश्न चोख होता. बाप्तिस्मा बदलत नाही. बदलतो तो नोंदवहीतला त्याच्यापुढचा समास. धर्मसंहितेच्या ५३५ व्या कलमाप्रमाणे स्नानसंस्काराच्या नोंदीपुढेच त्या व्यक्तीच्या दृढीकरणाचा, विवाहाचा, दत्तकविधानाचा, गुरुदीक्षेचा किंवा संन्यस्त जीवनातील अखेरच्या व्रतांचा शेरा मारावयाचा असतो, आणि दाखला देताना ते शेरेही त्यावर उतरवावयाचे असतात. मुलगी नाशिकला लग्न करो की कुवेतला, तिकडचे धर्मगुरू पत्र पाठवतात आणि तिच्या जन्मगावच्या चर्चमध्ये चाळीस वर्षांपूर्वीच्या पानावर नवी ओळ पडते. लोकांना वाटते, नोंदवही म्हणजे एकदा लिहून मिटलेले पुस्तक. प्रत्यक्षात तिचे एकही पान, त्यावरची माणसे जिवंत असेपर्यंत, मिटलेले नसते.

हे आम्ही सेमिनरीत शिकलो होतो. परीक्षेत त्याला चांगले गुणही मिळाले होते. तरीही १९९९ साली आमच्या हातून जे घडले ते घडले.

दीक्षा होऊन दोनच वर्षे झाली होती. समुद्राजवळच्या एका धर्मग्रामात आम्ही सहाय्यक होतो. तेथील स्नानसंस्काराची एक जाड नोंदवही वाळवीने आणि खाऱ्या दमट हवेने जर्जर झाली होती; पान उलटताना कडा हातात येत. प्रमुख धर्मगुरूंनी तिची स्वच्छ नक्कल करण्याचे काम आमच्यावर सोपवले. तरुण वय, बरे अक्षर आणि पावसाळ्यातल्या रिकाम्या दुपारी. जूनमध्ये पहिल्या पानापासून बसलो आणि ऑक्टोबरमध्ये शेवटच्या पानावर पोहोचलो. जुनी वही ह्या काळात बंद ठेवणे शक्यच नव्हते. सकाळी कार्यालयात तिच्यावरून दाखले दिले जात, आलेल्या पत्रांप्रमाणे तिच्यातच शेरे मारले जात, आणि दुपारी तीच वही आमच्या टेबलावर येई. नक्कल पुरी झाली, दोघांच्या सह्या झाल्या, नवी वही कार्यालयात गेली, जुनी कपाटात.

पुढच्या वर्षी आमची बदली झाली. २००२ साली त्याच धर्मग्रामात एका तरुणाचे लग्न ठरले. नव्या वहीवरून त्याला दाखला मिळाला, समास कोरा. चौकशीच्या वेळी त्याने शपथेवर आपण अविवाहित असल्याचे सांगितले. दोन रविवारी चर्चमध्ये त्या लग्नाची जाहीर घोषणा झाली. दुसऱ्या रविवारच्या मिस्सानंतर एक वयस्क बाई सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "फादर, ह्याचं लग्न झालंय. मी स्वतः त्या लग्नाला होते."

जुनी वही कपाटातून बाहेर निघाली. समासात शेरा होता: विवाह, तारीख, चर्चचे नाव. ऑगस्ट १९९९ मध्ये मारलेला. ते पान आम्ही जुलैमध्येच उतरवून झालो होतो. आणि तो शेरा आमच्याच हस्ताक्षरात होता.

त्याने सत्य लपवले, हे त्याचे पाप. पण ते लपवता आले, ते आमच्या वहीमुळे. मुलीच्या घरी पत्रिका छापून झाल्या होत्या, मांडववाल्याला विसार दिला होता. तिच्या वडिलांना आम्ही भेटायला गेलो. ते आम्हांला काहीच बोलले नाहीत. खुर्ची पुढे सरकवली आणि चहा मागवला. त्याहून चार शब्द सुनावले असते तर बरे झाले असते. त्यानंतर चार दिवस आम्ही त्या धर्मग्रामात राहून दोन्ही वह्या पानापानाने ताडून पाहिल्या. आणखी सतरा शेरे नव्या वहीत नव्हते. एकूण एक जून ते ऑक्टोबर ह्या महिन्यांतले.

इतकी जुनी कथा आता उकरून काढण्याचे कारण एक कॉम्प्युटर आहे.

सध्याच्या आमच्या धर्मग्रामात नोंदी कॉम्प्युटरवरही ठेवल्या जातात. कागदी वही पहिली आणि तीच प्रमाण. पण शोधाशोध, दाखल्याचा मसुदा, शेऱ्यांची पत्रे ही कामे आता डेटाबेसवर चालतात. तो सगळा डेटाबेस कार्यालयातल्या एकाच यंत्रावर होता, आणि कार्यालय तळमजल्यावर. जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरारमध्ये जे पाणी साचले ते वाचकांना आठवत असेल. त्यात ते यंत्र वाचले ते टेबल उंच होते म्हणून. गेल्या एप्रिलपासून ते कण्हू लागले. मुंबईत एका कंपनीत डेटाबेस सांभाळणारा आमच्या धर्मग्रामातला एक तरुण म्हणाला, "फादर, दुसरं यंत्र लावू. पहिल्याच्या मागोमाग चालणारं. स्टँडबाय."

आम्ही पहिला प्रश्न विचारला, "कार्यालय किती दिवस बंद ठेवावे लागेल?" मे महिन्यात, लग्ने आणि प्रथम कम्युनियन तोंडावर असताना, बंद ठेवणे म्हणजे रोज पंधरा माणसे परत पाठवणे.

"एक मिनिटही नाही," तो म्हणाला.

आम्ही त्याला खुर्चीवर बसवले आणि १९९९ ची सगळी हकीकत सांगितली. चालू वहीची नक्कल करता येत नाही, हे आम्ही किंमत मोजून शिकलो होतो. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "फादर, वही चालू होती हे चुकलं नाही. तुम्ही रोजकीर्द ठेवली नाही, एवढंच चुकलं."

पुढचा तासभर तो बोलत होता आणि आम्ही सेमिनरीतल्या विद्यार्थ्यासारखे टिपणे घेत होतो. त्यातले जेवढे आम्हांला पचले तेवढे येथे मांडतो.

दुकानदाराच्या हिशेबात दोन वह्या असतात. दिवसभरात जे जसे घडेल तसे क्रमाने रोजकिर्दीत, आणि मग ज्याचे त्याचे खाते खतावणीत. पोस्टग्रेस नावाचा जो डेटाबेस आमच्याकडे आहे (तो फुकट मिळतो, हे सांगायलाच हवे), तोही असाच वागतो. कोणताही बदल तो आधी आपल्या रोजकिर्दीत लिहितो. तिला ते लोक राइट-अहेड लॉग म्हणतात. ती ओळ डिस्कवर पक्की उमटली की मगच 'झाले' असे उत्तर देतो. खतावणीची पाने सवडीने भरतो. मध्येच वीज गेली तर परत आल्यावर रोजकीर्द वाचून उरलेली पाने पुरी करतो. ही सोय मुळात अपघातासाठी आहे; पण दुसरे यंत्र उभे करायला तीच कामी येते.

नक्कल सुरू होताना पहिल्या यंत्रावर रोजकिर्दीत एक खूण केली जाते: येथून पुढचे सगळे जपून ठेवायचे. मग खतावणीची पाने एकामागून एक दुसऱ्या यंत्राकडे जाऊ लागतात. कार्यालय चालूच असते, पाने बदलतच असतात. त्यामुळे उतरलेली नक्कल अगदी आमच्या १९९९ च्या वहीसारखीच असते: एक पान दहा वाजताचे, दुसरे सव्वादहाचे, एखादे पान तर उतरवतानाच बदलले जाऊन अर्धे जुने आणि अर्धे नवे. (त्यावरही तोड आहे. खुणेनंतर प्रथमच बदललेल्या पानाची अख्खी प्रतच रोजकिर्दीत ठेवली जाते.) ही नक्कल जशीच्या तशी कामाला लावली तर घात होईल, हे तो डेटाबेस जाणतो. आम्ही जाणत नव्हतो. नक्कल चालू असताना शेजारच्या वाटेने रोजकीर्दही दुसऱ्या यंत्राकडे जात असते. पाने संपली की दुसरे यंत्र त्या खुणेपासून ती ओळीने वाचते आणि प्रत्येक बदल आपल्या पानांवर पुन्हा करते. नक्कल संपली त्या क्षणापर्यंतची रोजकीर्द वाचून होईपर्यंत ते कोणालाही आत घेत नाही. विचारले तर नाही म्हणते.

आम्ही शंका काढली, "जो बदल पानावर आधीच आला आहे तो पुन्हा केला तर एकाच माणसाचे दोन विवाह दिसणार नाहीत का?" तो हसला. प्रत्येक पानाच्या माथ्यावर त्या पानावरच्या शेवटच्या बदलाचा रोजकिर्दीतला क्रमांक असतो. त्यावरून कोणती ओळ उतरली आहे आणि कोणती राहिली आहे ते कळते. खरे सांगायचे तर ह्या उत्तराने आम्हांला थोडी लाजच वाटली. पाच महिने दुपारी बसलो होतो. त्या टेबलावर एक चाळीस पानी वही ठेवून रोज सकाळी कोणत्या पानावर कोणता शेरा पडला एवढे लिहिले असते, तर ऑक्टोबरमध्ये एका दुपारचे काम होते.

प्रत्यक्ष दिवशी त्याने सुरुवात केली ती संशयाने, आणि ते आम्हांला आवडले. रोजकीर्द पुरेशी सविस्तर लिहिली जाते ना, हे त्याने प्रथम पाहिले. तिचा तपशील कमी ठेवण्याचीही एक सोय आहे, आणि ती निवडलेली असली तर बदलण्यासाठी डेटाबेस बंद करून पुन्हा सुरू करावाच लागतो. एक मिनिटही बंद नाही असे वचन देणारे पुष्कळजण येथेच अडकतात म्हणे. २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून सविस्तर रोजकीर्द हीच मूळ रीत झाली आहे. आमच्याकडे पंधरावी आवृत्ती होती, त्यामुळे सुटलो. दुसऱ्या यंत्रावरही तीच आवृत्ती हवी, नाहीतर त्याला पहिल्याची रोजकीर्द वाचता येत नाही.

मग त्याने नक्कल नेण्यापुरताच अधिकार असलेले एक वेगळे नाव तयार केले, दुसऱ्या यंत्राचा पत्ता प्रवेशाच्या यादीत लिहिला, आणि डेटाबेसला ती यादी पुन्हा वाचायला सांगितली. त्यासाठी बंद करावे लागत नाही. आम्ही आग्रह धरला की दोन यंत्रांमधला सगळा प्रवास सांकेतिक लिपीत व्हावा. नोंदवह्या परक्यांच्या हाती पडू नयेत ही जबाबदारी त्याच ५३५ व्या कलमाने प्रमुख धर्मगुरूवर टाकली आहे. कोणाचे दत्तक, कोणाचे रद्द ठरलेले लग्न, हे तारेवरून उघडे जाणे आम्हांला मान्य नव्हते. त्याने ते आधीच योजले होते.

दुसरे यंत्र ठेवले रस्त्यापलीकडच्या सिस्टरांच्या मठात, वरच्या मजल्यावर. तेथे पाणी चढायचे झाले तर नोहाचीच आठवण काढावी लागेल.

आमच्या धर्मग्रामाचा डेटा तो केवढा. दोन-चार मिनिटांत उतरला असता. पण आम्ही त्या तरुणाला एक विनंती केली, आणि त्याने नकलेचा वेग मुद्दाम इतका कमी ठेवला की तिला अर्धा तास लागावा. (मोठ्या ठिकाणी चालू कामावर ताण पडू नये म्हणून असे करतातच.) नक्कल सुरू होऊन दहा मिनिटे झाल्यावर आम्ही कार्यालयातल्या ताईंना त्या आठवड्यात आलेले एक पत्र दिले. १९९१ साली आमच्या चर्चमध्ये स्नानसंस्कार झालेल्या एका मुलीचे पुण्यात लग्न झाले होते. ताईंनी आधी कागदी वहीत शेरा मारला, मग कॉम्प्युटरवर. बाहेर दाखल्यासाठी तिघे बसले होते. त्यांचेही काम चालले होते. त्यांच्यापैकी कोणालाही काही कळले नाही.

नक्कल संपल्यावर आम्ही रस्ता ओलांडून मठात गेलो. जिना चढताना छातीत धडधडत होते, ते केवळ वयामुळे नसावे. दुसरे यंत्र रोजकीर्द वाचून तयार झाले होते. आता ते फक्त पाहू देत होते, लिहू देत नव्हते. तरुणाने १९९१ ची ती नोंद काढली. शेरा होता. तारीख, चर्च, नवऱ्याचे नाव. आम्ही चष्मा पुसून पुन्हा वाचले.

ह्या दुसऱ्या यंत्राविषयी भाबडा विश्वास नको, असे त्याने आम्हांला बजावले, तेही लिहून ठेवतो. ते पहिल्याचा सावलीसारखा पाठलाग करते. म्हणजे ताईंच्या हातून एखादी नोंद चुकून पुसली गेली, तर दुसऱ्या क्षणाला ती तेथेही पुसली जाईल. आगीपासून आणि पुरापासून ते वाचवील, चुकीपासून नाही. त्यासाठी रोज रात्रीची वेगळी प्रत चालूच ठेवली आहे. शिवाय पहिले यंत्र दुसऱ्यासाठी थांबत नाही. 'झाले' म्हणते आणि पुढे जाते, त्यामुळे अखेरच्या क्षणाची एखादी ओळ जाऊ शकते. दुसऱ्याची पोच आल्याशिवाय 'झाले' म्हणायचे नाही असाही नियम करता येतो. पण मग मठातली वीज गेली की कार्यालय अडून बसणार. एखादी ओळ गेली तर कागदी वही आहे. आम्ही पहिलीच रीत पत्करली.

सर्वांत कठीण गोष्ट पुढेच आहे. पहिले यंत्र पडले तर दुसऱ्याला 'आता तू मुख्य' असे सांगावे लागते. ते एकदा सांगितले, आणि पहिले मेलेले नसून नुसते बेशुद्ध असले व उठून पुन्हा लिहू लागले, तर दोन खऱ्या वह्या होतात आणि त्या पुन्हा एक करणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून पहिल्याची वायर भिंतीतून काढल्याखेरीज दुसऱ्याला अधिकार द्यायचा नाही, आणि तो निर्णय यंत्राने नव्हे, माणसाने घ्यायचा, असे ठरवले. तो माणूस सध्या आम्ही आहोत.

ह्या सगळ्यात आम्हांला आपल्या पूर्वसूरींची आठवण झाली. विवाहाची नोंदवही ठेवण्याचा आदेश ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली दिला. १९१७ च्या धर्मसंहितेतल्या ४७० व्या कलमाने दरवर्षाअखेर धर्मग्रामातील नोंदवह्यांची अधिकृत प्रत बिशपांच्या कार्यालयात पाठवण्यास सांगितले होते. तेही एक स्टँडबायच होते, वर्षातून एकदा जागे होणारे. पहिली वही बंद न करता दुसरी उभी करण्याची धडपड आपल्या धर्मसभेला काही नवी नाही.

जूनमध्ये एक गंमत झाली. सिस्टर आठ दिवसांच्या तपसाधनेला गेल्या आणि जाताना, चांगल्या गृहिणीप्रमाणे, मठाचा मेन स्विच बंद करून गेल्या. दुसरे यंत्र कोठवर वाचून झाले आहे ह्याची खूण पहिल्याकडे असते, आणि त्यापुढची रोजकीर्द ते फेकून देत नाही. दुसरे जर कधीच परतले नाही, तर ह्याच निष्ठेपायी पहिल्याची डिस्क भरून तेच बंद पडायचे. म्हणून किती साठवायचे ह्याला त्या तरुणाने मर्यादा घातली होती. आठ दिवसांत आम्ही त्या मर्यादेच्या जवळपासही गेलो नव्हतो. सिस्टर परतल्या, स्विच लागला, आणि पाच मिनिटांत दुसऱ्याने सगळे वाचून काढले, दोन स्नानसंस्कार आणि सात विवाहांच्या शेऱ्यांसकट.

आता त्या स्विचवर सिस्टर सुपीरियर ह्यांच्या वळणदार अक्षरातली एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: फादरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.